राहिलेला हिरवा

आर्ब्रोथच्या वाऱ्याला धुरावलेल्या माशांचा वास असतो,
आणि त्या वाऱ्यात मी ट्रॉल्या गोळा करतो,
एकीत एक खुपसून, वीस-वीसची माळ,
सुपरमार्केटच्या दारापर्यंत.

म्हणून पाहिलं मी. गुरुवार. सकाळचे सव्वादहा.
काळी, ट्रॅक्टरएवढी उंच गाडी
दोन जागांच्या मधोमध बसलेली,
पांढरा पट्टा पोटाखाली घेऊन.
ती मागे सरकली, आणि आवाज झाला
बिस्किटांचा डबा कुणी गुडघ्याने दाबावा, एवढाच.
माणूस उतरला.
इशबेलच्या हिरव्या गाडीच्या दाराकडे
बघितलंसुद्धा नाही त्याने.
अंगठा जिभेला लावून स्वतःचा बंपर पुसला,
इकडेतिकडे नजर टाकली.
मी होतो ट्रॉल्यांच्या मागे,
आणि ट्रॉल्यांच्या मागचा माणूस कुणाला दिसत नाही.
गेला.

कुणाच्यातरी टाकून दिलेल्या पावतीवर,
दूध, पाव, मांजराचं खाणं यांच्या पाठीवर,
मी नंबर लिहिला, वायपरखाली सरकवला.
मग पाऊस आला. आमच्याकडे तो आडवा येतो.
इशबेल बाहेर येईस्तोवर
शेवटची दोन अक्षरं वाहून गेली होती.

"तू लिहिलंस का रे हे?"
मी म्हणालो, नाही.
का म्हणालो, ते सांगतो पुढे.

लोक जमले.
मिसेस गिलेस्पींनी बोटाने पाटी दाखवली:
वाहने आपापल्या जबाबदारीवर उभी करावीत.
एक म्हणाला, काचेला कॅमेरा बसवून घ्या.
एक म्हणाली, विम्याच्या नादी लागू नका, हप्ता वाढेल.
निळ्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने
आपल्या गाडीवरचा वीस वर्षांचा ओरखडा दाखवला,
नातवाचा फोटो दाखवावा तसा.
प्रत्येकाजवळ एकेक पोचा होता
आणि प्रत्येक पोच्याचा धनी कुणी दुसराच.
पोचे पाडणारे कुठे राहतात कोण जाणे,
त्या घोळक्यात तरी एकही नव्हता.
मीही नव्हतो.
मागच्या फेब्रुवारीतल्या वादळात
माझ्या हातून एक ट्रॉली सुटली होती,
आणि त्या नर्सबाईंच्या लाल गाडीचा दिवा...
जाऊ दे.

गॅरेजवाला इशबेलला म्हणाला, दार सरळ करून देतो,
पण हा हिरवा माझ्या कुठल्याच तक्त्यात नाही.
कसा असेल?
तो ड्युगल्डच्या बोटीचा हिरवा.
उरलेला अर्धा डबा त्याने एका उन्हाळ्यात
ब्रशने फासला होता गाडीला, तिची एक न ऐकता.
बोट विकली गेली.
ड्युगल्डही गेला, बोटीच्या आधी की नंतर,
हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

सात गुरुवार ती पावती हातात धरून
ओळीओळीने नंबर वाचत फिरली, ओठ हलवत.
आठव्या गुरुवारी काळी गाडी आली.
पुन्हा दोन जागांत एक.

इशबेलच्या हातात किल्ली होती.
मी माळ ढकलायची थांबवली.
मनात म्हटलं, ओढ. दारापासून दिव्यापर्यंत ओढ एक रेघ,
मी काही पाहिलेलं नाही.

ती वाकली.
बंपरवर गुडघ्याच्या उंचीला, बोटभर लांब, तो हिरवा.
त्याच्या थुंकीने गेला नव्हता.
मासळीचे खवले काढावेत इतक्या हलक्या हाताने
तिने तो किल्लीच्या टोकाने खरवडला,
काळ्याला ओरखडा न लावता.
खाली पावती धरली होती.
घडी घातली. पर्समध्ये ठेवली.

"ओ बाई! माझ्या गाडीशी काय चाललंय?"
हातात दोन पिशव्या, मानेवर लाली.
ती म्हणाली,
"माझं थोडं राहिलं होतं तुमच्याकडे. घेतलं."

त्याने बंपर बघितला. तिचं दार बघितलं.
मग वळून माझ्याकडे.
या खेपेला मी दिसलो त्याला.
तो काही बोलला नाही; अंडी मागच्या सीटवर ठेवली,
आणि निघताना गाडी इतकी हळू काढली
की मागच्याने हॉर्न दिला.

संध्याकाळी लाल गाडी तिसऱ्या ओळीत होती,
दिवा अजून चिकटपट्टीवर तगलेला.
खिशात कोरी पावती होती. पेन होतं.
नाव लिहायला घेतलं तर थंडीने शाई उतरेना.
पेनाचं टोक तोंडाजवळ धरून
मी फुंकत राहिलो.